रकाना आणि रंग : सातारा-सांगलीच्या जनगणना-नकाशांचे वाचन

जनगणनेचा अहवाल प्रत्यक्ष उघडून पाहणारे वाचक थोडे असतात. त्यातील आकड्यांवरून काढलेले आलेख आणि रंगवलेले नकाशे मात्र बहुतेकांच्या नजरेखालून जातात. जयंतीच्या स्मरणिका, परिषदांची निवेदने, वृत्तपत्रांच्या पुरवण्या, शाळेची भूगोलाची पुस्तके यांतून ते आपल्यापर्यंत पोहोचतात आणि पोहोचताच प्रमाण मानले जातात. लेखातल्या विधानाशी आपण वाद घालतो. नकाशातल्या रंगाशी सहसा घालीत नाही. रंग हेही एक विधान आहे, त्याला कर्ता आहे, त्यामागे काही गृहीते आहेत, याचा विसर पडतो. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली हे दोन जिल्हे डोळ्यांपुढे ठेवून, बौद्ध आणि अनुसूचित जाती यांच्या संख्येविषयीचे आलेख व नकाशे कसे वाचले जातात आणि ते तसे का वाचता येत नाहीत, याचा विचार करावयाचा आहे. पालीच्या अभ्यासकाने या प्रांतात शिरावे काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु नाव आणि वस्तू यांतील अंतर हा अभिधम्माचा फार जुना विषय आहे, आणि जनगणनेच्या कोष्टकातील रकाना हे शेवटी एक नावच होय.

प्रथम आपल्या विषयाबाहेरचे एक उदाहरण घेऊ, म्हणजे पुढील विवेचनात आप्तपरभाव येणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. सातारा जिल्ह्यात हे प्रमाण ९८८ आणि सांगलीत ९६६ होते. या आकड्यांवरून राज्याचा नकाशा रंगवला तर हे दोन्ही जिल्हे चांगल्या रंगात येतात आणि पाहणारा समाधान पावतो. आता त्याच वर्षीचा, त्याच जिल्ह्यांचा, परंतु सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचा नकाशा पाहावा. तेथे सातारा ८९५ वर आणि सांगली ८६७ वर आहे. निसर्गतः दर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली जन्मतात हे लक्षात घेता हा रंग धोक्याचा आहे. एकाच भूमीवर दोन परस्परविरोधी रंग कसे? माण, खटाव, पाटण, जावळी येथील कर्ते पुरुष कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, माथाडी कामात गेले. आटपाडी-विट्याकडील गलाई कामगार सोन्याचांदीच्या गाळणीसाठी देशभर पसरले. जनगणना माणसाला तो जेथे राहतो तेथे मोजते. म्हणून मागे राहिलेल्या गावात स्त्रियांचे प्रमाण अधिक दिसते. पहिल्या नकाशातील चांगला रंग स्त्रीच्या सन्मानाचा नसून बहुतांशी पुरुषाच्या अनुपस्थितीचा आहे.

आणखी एक बारकावा. सांगलीतील बालकांचे हे प्रमाण १९९१ मध्ये ९२४, २००१ मध्ये ८५१ आणि २०११ मध्ये ८६७ होते. शेवटचे दोनच स्तंभ काढून दाखवले तर चित्र सुधारणेचे दिसते. तिसरा स्तंभ डावीकडे उभा करताच ते चित्र पार बदलते. कोणत्या वर्षापासून आरंभ करावयाचा हे आलेख काढणारा ठरवतो आणि वाचकाला त्याचा पत्ता नसतो. त्यानंतर मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे एकोणीस अर्भकांचे अवशेष सापडले, तेव्हा या आकड्याचा अर्थ सर्वांना कळला. तो आलेखात आधीपासून होता.

जिल्हा हे मोजमापाचे एकक देखील तितकेसे स्थिर नाही. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे त्यांच्या जन्मकाळी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगलीत आहे. आटपाडी हा औंध संस्थानचा मुलखापासून तुटलेला तुकडा होता, जत हे स्वतंत्र संस्थान होते, सांगली-मिरजेचे पटवर्धनी मुलूख ठिगळांसारखे पसरलेले होते. १९३१ चा ‘सातारा’ आणि १९६१ चा ‘सातारा’ एकाच रेषेवर मांडून काढलेला आलेख म्हणूनच निरर्थक ठरतो. नाव एक, प्रदेश दोन. सरासरीचेही तसेच. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. या दोहोंना मिळून एक निळी छटा देणारा नकाशा दहिवडीच्या शेतकऱ्याला काय सांगणार?

आता मूळ विषयाकडे येऊ. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे एकूण लोकसंख्येशी प्रमाण १९६१ मध्ये ५.६३ टक्के, १९७१ मध्ये ६.००, १९८१ मध्ये ७.१४, १९९१ मध्ये ११.०९, २००१ मध्ये १०.२० आणि २०११ मध्ये ११.८१ टक्के होते. याचा स्तंभालेख काढला की १९८१ आणि १९९१ यांच्यामध्ये एकदम कडा उभा राहिल्यासारखा दिसतो. संख्येत सांगावयाचे तर ४४,७९,७६३ वरून ८७,५७,८४२. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. त्याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे सव्वीस टक्क्यांनी वाढली. हा आलेख पाहून ‘यांची संख्या भरमसाट वाढते आहे’ असे उद्गार काढणारे सुशिक्षित लोक भेटतात, आणि त्या उद्गारामागे आरक्षणाविषयीचा राग असतो हे सांगावयास नको.

प्रत्यक्षात त्या दशकात माणसे दुप्पट झाली नाहीत. रकान्याचे दार उघडले गेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्म मानणाऱ्यालाच अनुसूचित जातीचा सदस्य गणले जात होते. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि जे बौद्ध झाले ते कायद्याच्या दृष्टीने या सूचीबाहेर गेले. महाराष्ट्र राज्याने स्थापनेच्या वर्षीच, १९६० मध्ये, आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या सूचीत मात्र त्यांना जागा नव्हती. ती १९९० च्या दुरुस्तीने मिळाली. पुढच्याच वर्षी जनगणना झाली आणि आलेखात तो कडा उभा राहिला. ज्या कुटुंबात एकही मूल जन्मले नाही, तेही त्या वर्षी आलेखाच्या दृष्टीने ‘वाढले’.

कड्याच्या अलीकडचा चढ कमी लक्षात येतो. मला तो अधिक बोलका वाटतो. १९७१ ते १९८१ या काळात राज्याची लोकसंख्या सुमारे साडेचोवीस टक्क्यांनी वाढली, अनुसूचित जातींची मात्र अठ्ठेचाळीस टक्क्यांनी. यास एक कारण १९७६ च्या कायद्याचे आहे. त्याने सूचीतील प्रादेशिक मर्यादा काढून टाकल्या आणि राज्याच्या एका भागात अनुसूचित असलेली जात दुसऱ्या भागातही तशी गणली जाऊ लागली. दुसरे कारण कागदावर सिद्ध करता येत नाही, परंतु आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यागोत्यात त्याची साक्ष मिळेल. ज्यांनी दीक्षा घेतली होती त्यांनीही, केंद्राची शिष्यवृत्ती व नोकरी जाऊ नये म्हणून, मुलांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ ही जुनी नोंद राहू दिली. भिंतीवर बुद्धप्रतिमा, लग्नात त्रिसरण-पंचशील, आणि शाळेच्या वहीत हिंदू. त्यांना ढोंगी म्हणण्याची घाई कोणी करू नये. कायद्याने एका हातात धम्म आणि दुसऱ्या हातात भाकरी ठेवून निवड करावयास सांगितले होते.

बौद्धांच्या संख्येचा आलेख यापेक्षाही फसवा आहे, कारण तो एकाच आकड्यांवरून दोन उलट दिशांना काढता येतो. १९५१ मध्ये महाराष्ट्राच्या प्रदेशात २,४८७ बौद्ध नोंदले गेले होते. १९६१ मध्ये २७,८९,५०१. पुढे १९७१ मध्ये सुमारे ३२.६ लाख, १९८१ मध्ये ३९.५ लाख, १९९१ मध्ये ५०.४ लाख, २००१ मध्ये ५८.४ लाख आणि २०११ मध्ये ६५.३ लाख. संख्येची ही रेषा सतत चढती आहे आणि आपल्या स्मरणिकांत तीच छापली जाते. टक्केवारीची रेषा १९६१ मध्ये ७.०५ वर असून १९७१ मध्ये ६.४८, १९८१ मध्ये ६.२९, १९९१ मध्ये किंचित वर ६.३९, मग ६.०३ आणि २०११ मध्ये ५.८१ अशी उतरती आहे. आपले टीकाकार ती छापतात आणि चळवळ ओसरली असा निष्कर्ष काढतात. दोन्ही रेषा खऱ्या आहेत. पन्नास वर्षांत बौद्ध सुमारे २.३ पट झाले आणि राज्य २.८ पट झाले, एवढेच त्या दोन्ही मिळून सांगतात. राज्याच्या वाढीत बाहेरून आलेले लोक आहेत, मुंबई-पुण्याची सूज आहे, शिक्षणाबरोबर घटणारा जन्मदर आहे, आणि वर सांगितलेली दाखल्याची अडचण आहे. यांपैकी कशाचा वाटा किती, हे त्या रेषेवरून कळत नाही. उतरत्या रेषेला उत्तर म्हणून ‘आमचे आकडे दडपले गेले’ असे व्यासपीठावरून सांगणेही मला तितकेच अपुरे वाटते. दडपणारा कोणी नसतानाही आकडा चुकू शकतो.

तो कसा चुकतो हे २०११ च्या एका आकड्यात दिसते. त्या वर्षी महाराष्ट्रातील ६५,३१,२०० बौद्धांपैकी ५२,०४,२८४ जणांची नोंद अनुसूचित जातीचे म्हणून झाली. उरलेले सव्वातेरा लाखांहून अधिक, म्हणजे पाचातील एक, बौद्ध आहेत पण अनुसूचित जातीचे नाहीत असे कोष्टक म्हणते. सवर्णांतून वा इतर मागास जातींतून इतके लोक धम्मात आले, असे कोणी मानीत नाही. गणनेच्या प्रपत्रात धर्माचा रकाना वेगळा आणि अनुसूचित जातीचा वेगळा असतो. दुसऱ्या रकान्यात सूचीतील जातीचे नाव लागते. ‘हरिजन’ अशा सामान्य नावाने ते काम भागत नाही. धर्म विचारला तेव्हा ‘बौद्ध’ असे उत्तर आले, जात विचारली तेव्हाही स्वाभिमानाने ‘बौद्ध’ हेच उत्तर आले, आणि सूचीत त्या नावाची जात नसल्याने रकाना रिकामा राहिला; या लाखांतील पुष्कळांचे असेच झाले असावे असा माझा तर्क आहे. म्हणजे एका पिढीत भाकरीसाठी धर्म झाकला गेला आणि दुसऱ्या पिढीत धर्मासाठी जात वगळली गेली. नकाशाला दोन्ही गोष्टी सारख्याच अदृश्य.

या पार्श्वभूमीवर सातारा आणि सांगली यांचा नकाशा पाहावा. २०११ मध्ये साताऱ्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे पावणेअकरा टक्के आणि सांगलीत साडेबारा टक्के होते. म्हणजे सांगली थोडी पुढे. बौद्धांचे प्रमाण मात्र साताऱ्यात सुमारे पावणेपाच टक्के आणि सांगलीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. राज्याच्या नकाशावर विदर्भ गडद, मराठवाड्याचा काही भाग मध्यम, सातारा फिकट आणि सांगली-कोल्हापूर जवळजवळ पांढरे. कृष्णेच्या एकाच खोऱ्यात, पूर्वी एकाच जिल्ह्यात असलेल्या तालुक्यांत, रंग जिल्ह्याच्या रेषेवर एकदम बदलतो. कराडहून पलूसला जाणाऱ्या माणसाला वाटेत धम्माची अशी सीमा कोठे लागत नाही.

या पांढऱ्या रंगाचा अर्थ ‘सांगलीने धम्म स्वीकारला नाही’ असा लावला जातो, आणि तो लावणाऱ्यांत आपलेच कार्यकर्ते पुष्कळ असतात. हे वाचन दोन ठिकाणी अडते. पहिले असे की अनुसूचित जाती म्हणजे एकच समाज नव्हे. २००१ च्या जनगणनेत राज्यातील अनुसूचित जातींमध्ये महार साडेसत्तावन्न टक्के व मांग सुमारे वीस टक्के होते. सांगलीकडे मातंग, चर्मकार, होलार या समाजांची वस्ती आहे. त्यांपैकी बहुतेकांनी १९५६ च्या दीक्षेत भाग घेतलेला नव्हता. तेव्हा साडेबारा टक्क्यांतून बौद्ध वजा करून उरलेल्यांना ‘दीक्षा न घेतलेले’ असे एकाच शब्दात मोजणे म्हणजे त्या समाजांचा स्वतंत्र इतिहास पुसणे होय. दुसरे असे की जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीची नोंद दाखवावी लागते, ती नोंद ‘महार’ अशीच असते, आणि पडताळणीत अडचण नको म्हणून घरातील सर्वांच्या कागदावर एकच शब्द चालू ठेवण्याकडे कल असतो. ही सवय दक्षिण महाराष्ट्रात अधिक घट्ट राहिली असे दिसते. म्हणून हा पांढरा रंग श्रद्धेचे मोजमाप आहे की दाखल्याचे, हे नकाशा सांगू शकत नाही. विहारांची संख्या, वर्षावासातील उपस्थिती, नामकरण व विवाह यांची पद्धती, यांची गावोगाव नोंद केली तर कदाचित वेगळाच नकाशा निघेल. ते काम कोणी हाती घेतलेले माझ्या पाहण्यात नाही. आपल्या संस्थांनी ते करावयास हवे होते.

येथे थोडे विषयांतर करून आपल्याकडील एका आवडत्या नकाशाविषयीही बोलले पाहिजे. त्यात कराडजवळची आगाशिवची लेणी, शिरवळची लेणी, वाईजवळील लोणाऱ्याची लेणी अशी स्थळे ठिपक्यांनी दाखवून त्यावरच आजच्या बौद्ध लोकसंख्येच्या छटा चढवलेल्या असतात. कराड हे प्राचीन ‘करहाकट’ होय, आणि तेथील उपासकांची दाने दूर मध्य भारतात भरहुतच्या स्तूपावर कोरलेली आहेत, ही वस्तुस्थिती अभिमानाची आहे. परंतु लेण्याचा ठिपका म्हणजे भिक्षुसंघाचा आवास आणि व्यापारी मार्ग, तर छटा म्हणजे १९५६ नंतरची दीक्षा. मध्ये हजार वर्षांहून मोठे अंतर आहे. ते अंतर नकाशावर दिसत नाही, कारण कागदाला लांबी-रुंदी असते, काळ नसतो. ठिपका आणि छटा जोडून अखंड परंपरा सिद्ध होत नाही. ती सिद्ध न झाल्याने बाबासाहेबांच्या कृतीचे मोल कमीही होत नाही. ज्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने त्यांची शाळेच्या रजिस्टरात नोंद झाली, तेथे त्या नोंदीला कोणत्याही लेण्याचा आधार नव्हता.

सुत्तनिपात व मज्झिमनिकाय या दोहोंत आलेल्या वासेट्ठसुत्तात भगवंतांनी जो युक्तिवाद केला आहे तो या संदर्भात ध्यानात घेण्याजोगा आहे. गवत, झाडे, कीटक, चतुष्पाद, पक्षी यांच्या जाती त्यांच्या अंगावरील चिन्हांवरून ओळखता येतात. माणसाच्या शरीरावर तसे कोणतेही चिन्ह नाही. मनुष्यातील भेद केवळ संज्ञेने, ‘समञ्ञे’ने, केलेला आहे. जातिव्यवस्थेच्या विरोधातील वचन म्हणून आपण याचा नेहमी उल्लेख करतो. त्यात ज्ञानशास्त्राचाही मुद्दा आहे. जे भेद संज्ञेने उत्पन्न होतात ते संज्ञा बदलली की बदलतात. १९९० चा कडा हे त्याचे उत्तम उदाहरण: माणसे तीच, संज्ञेची व्याप्ती बदलली आणि आलेख बदलला. आपल्या अभिधम्मपिटकात ‘पुग्गलपञ्ञत्ति’ नावाचा ग्रंथ आहे, तो एका अर्थाने माणसांचे कोष्टकच होय. त्यातील वर्गीकरण एककापासून दशकापर्यंत चढत जाते आणि ते आचरण व चित्ताची अवस्था यांवर आधारलेले आहे. तेच माणूस एका वर्गवारीत येथे बसते आणि दुसरीत तेथे. ग्रंथाच्या नावातच ‘पञ्ञत्ति’ हा शब्द घालून ही केवळ प्रज्ञापना आहे असे कर्त्याने सांगून टाकले आहे. जनगणना अहवालाच्या मुखपृष्ठावर अशी सूचना नसते.

परंतु संज्ञा मिथ्या म्हणून टाकून द्यावी, असेही बुद्धवचन नाही. दीघनिकायातील पोट्ठपादसुत्ताच्या शेवटी, लोकांच्या संज्ञा, लोकांचा व्यवहार तथागत वापरतो, मात्र त्यांना चिकटत नाही, असा आशय आला आहे. आजच्या बौद्ध उपासकाची खरी कोंडी या ठिकाणी आहे. १९५६ मध्ये जे नाव आपण टाकले तेच नाव रकान्यात लिहिल्याशिवाय कायद्याचे संरक्षण मिळत नाही, आणि ते लिहिताना हात अडखळतो. काही मित्र सांगतात, दोन्ही रकान्यांत बौद्धच सांगा, स्वाभिमान मोठा. काही सांगतात, धर्म हिंदूच राहू द्या, मुलांचे नुकसान नको. पहिल्या सल्ल्याचा परिणाम ते सव्वातेरा लाख आहेत. दुसऱ्याचा परिणाम सांगलीचा पांढरा रंग. माझ्या मते १९९० नंतर दोहोंपैकी कशाचीही गरज उरलेली नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात सूचीतील नाव, ही नोंद कायद्याने पूर्णतः ग्राह्य आहे. दुसरे नाव आपली ओळख म्हणून लिहावयाचे नाही. ज्या नावाने अन्याय झाला, त्याच नावाने त्याची भरपाई मागता येते, म्हणून ते लिहावयाचे.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील गणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ हा ठरलेला असून तीत सर्वच जातींची नोंद होणार आहे. म्हणजे जातीचा प्रश्न आता प्रत्येक घरी विचारला जाणार, आणि त्यावरून निघणारे नकाशे पुढील कित्येक वर्षे आपल्या माथी राहणार. साताऱ्यातील वा सांगलीतील बौद्धांची टक्केवारी त्या वेळी एकाएकी दुपटीने वाढलेली दिसली, तर त्याला धर्मांतराची लाट म्हणणारे लेख निघतील. ते लिहिणाऱ्यांनी १९९१ चा स्तंभ एकदा पुन्हा काढून पाहावा. घरोघरी प्रश्न विचारण्यासाठी बहुधा गावातलेच शिक्षक येतील. त्यांच्या प्रशिक्षणाच्या वेळी तालुक्याच्या ठिकाणी या दोन रकान्यांविषयी कोणी चार वाक्ये समजावून सांगितली, तर माण, कवठेमहांकाळ, जत येथील विहारसमित्यांचे निम्मे काम होईल.